सीमाप्रश्न : दावा की समेट?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. या उपदेशात अनुभवाचा अंश आहे, हे कोणी नाकारणार नाही. परंतु तो सर्वांना सारखाच लागू पडत नाही. वादातील वस्तू ज्याच्या ताब्यात आहे त्याला तो फार सोयीचा असतो. आपल्या हक्काची वस्तू ज्याला दुरूनच पाहावी लागते, त्याच्यापुढे अखेर ती पायरी चढण्यावाचून मार्ग उरत नाही. २००४ साली महाराष्ट्र सरकारने कर्नाटकाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नाचा दावा दाखल केला तो याच भावनेने. त्याला आता दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. दावा दाखल झाला त्या वर्षी बेळगावच्या प्राथमिक शाळेत पाऊल टाकणारे मूल आज नोकरीच्या वयाचे झाले आहे आणि दावा मात्र अद्याप निकालापर्यंत पोचलेला नाही. अशा वेळी दाव्यावर विसंबून राहावे, की समेटाचा मार्ग पुन्हा चोखाळावा, हा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. तो विचारणाऱ्याला दुबळा ठरविण्याची सवय मात्र आपण सोडली पाहिजे.

या प्रश्नाचे उत्तर भावनेच्या भरात देण्याजोगे नाही. सुदैवाने राज्याराज्यांतील तंटे कोणत्या मार्गाने मिटले आणि कोणत्या मार्गाने चिघळले, याचे दाखले आपल्या जवळच आहेत. त्यांपैकी काहींत खुद्द महाराष्ट्र आणि कर्नाटक हीच राज्ये पक्षकार होती. ते दाखले पारखून पाहिले तर निवड वाटते तितकी सरळ नाही, हे ध्यानात येईल.

मध्यस्थ आणि आयोग

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली. पुनर्रचना आयोगाने सामान्यतः जिल्हा हा घटक धरल्यामुळे मुंबई राज्यातील बेळगाव व कारवार आणि हैदराबाद राज्यातील बीदर येथील मराठी भाषकांचे सलग प्रदेश त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. असाच प्रश्न त्याच काळात आंध्र आणि मद्रास या राज्यांमध्येही उभा राहिला होता. तो सोडविण्यासाठी हरि विनायक पाटसकर यांची मध्यस्थ म्हणून योजना झाली. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या ही तत्त्वे पाटसकरांनी प्रमाण मानली. त्यांच्या निवाड्याने तिरुत्तणीचा प्रदेश मद्रासला मिळाला, तर मद्रासकडील काही गावे आंध्राला मिळाली. दोन्ही राज्यांनी तो मान्य केला, संसदेने १९५९ मध्ये कायदा केला आणि १ एप्रिल १९६० पासून नवी सीमा अमलात आली. महाराष्ट्र आजही सीमाप्रश्नात जी तत्त्वे पुढे मांडतो, ती मुख्यतः पाटसकरांचीच आहेत.

महाराष्ट्राच्या वाट्याला मात्र पाटसकर आले नाहीत. १९६० मध्ये दोन्ही राज्यांच्या दोन-दोन प्रतिनिधींची समिती नेमण्यात आली. तिच्यात एकमत झाले नाही. पुढे सेनापती बापट यांच्या उपोषणानंतर, ऑक्टोबर १९६६ मध्ये, माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला आणि ऑगस्ट १९६७ मध्ये त्याने अहवाल दिला. बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावे, निपाणीसह काही भाग महाराष्ट्राला द्यावा, जत व अक्कलकोटकडील काही गावे म्हैसूरला द्यावीत आणि केरळातील कासरगोडचा चंद्रगिरी नदीच्या उत्तरेचा भागही म्हैसूरला मिळावा, अशा त्याच्या शिफारशी होत्या. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, केरळाने आपल्यापुरता तो मानला नाही आणि कर्नाटकाने तो अखेरचा शब्द मानला.

पाटसकर आणि महाजन यांच्या कामगिरीत हा फरक का पडला? एकाची योग्यता दुसऱ्याहून कमी होती, असे म्हणण्यास आधार नाही. फरक कामाच्या पायात होता. पाटसकरांपुढे आधी तत्त्वे होती आणि मग नकाशा आला. महाजन आयोगाला कोणती तत्त्वे लावावीत हे बांधून दिलेले नव्हते. एका ठिकाणी एक व दुसऱ्या ठिकाणी दुसरा निकष लावला, हा महाराष्ट्राचा आक्षेप त्यातूनच निघाला. शिवाय त्याचा अहवाल म्हणजे केवळ शिफारस होती. न्यायालयाच्या निकालाला असणारे बंधन तिला नव्हते आणि समेटाला असणारी उभयपक्षांची संमतीही नव्हती. ज्यात दोन्हींपैकी एकाचेही बळ नाही अशा मार्गाने वाद मिटत नाही. उलट एका पक्षाच्या हाती कायमचे शस्त्र आणि दुसऱ्याच्या मनात कायमची सल मात्र राहते.

दाव्याचे मोल

संविधानाच्या अनुच्छेद १३१ नुसार राज्याराज्यांतील वादाचा मूळ दावा थेट सर्वोच्च न्यायालयात चालतो. महाराष्ट्राने या अनुच्छेदाचा आश्रय घेतला. त्याचा लाभ झाला नाही असे नाही. प्रश्न १९६७ मध्येच मिटला, हे कर्नाटकाचे म्हणणे या दाव्यामुळे निदान न्यायप्रविष्ट झाले. सीमाभागातील जनतेची पिढ्यान्‌पिढ्यांची मागणी निवडणुकीच्या सभांतून निघून कागदपत्रे, खानेसुमारीचे आकडे आणि पुरावे यांच्या पातळीवर आली. दुबळा पक्ष बलवानाला बरोबरीने उभा करू शकतो अशी जागा न्यायालयाखेरीज दुसरी नाही.

पण या मोलाची किंमतही पाहिली पाहिजे. मूळ दाव्यात मुद्दे काढणे, पुरावा नोंदविणे, साक्षी तपासणे ही कामे करावी लागतात. मुख्यतः अपिले ऐकणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाची घडण अशा कामासाठी झालेली नाही. त्यातच कर्नाटकाचा प्राथमिक आक्षेप आहे, की राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार अनुच्छेद ३ ने संसदेला दिला असून न्यायालयाला त्यात पडता येणार नाही. हा आक्षेप टिको वा न टिको, त्यात एक व्यावहारिक सत्य दडलेले आहे. निकाल महाराष्ट्राच्या बाजूने लागला तरी नव्या सीमेला कायद्याचे रूप देण्यासाठी संसदेकडेच जावे लागेल, आणि दोन मोठ्या राज्यांपैकी एकाचा कडवा विरोध असताना संसद कितपत तत्परता दाखवील, हे सांगण्यासाठी ज्योतिष्याची गरज नाही.

दुसरी किंमत काळाची. दावा चालू असताना काळ दोन्ही पक्षांसाठी सारखाच जात नाही. ताबा ज्याचा, त्याच्या बाजूने तो वाहत असतो. २००६ मध्ये कर्नाटकाने विधिमंडळाचे अधिवेशन बेळगावात भरविले. २०१२ मध्ये तेथे सुवर्ण विधानसौध उभे राहिले. २०१४ मध्ये शहराचे नाव अधिकृतपणे बेळगावी झाले. यांपैकी कोणत्याही गोष्टीने कायद्याच्या दृष्टीने महाराष्ट्राचा दावा कमजोर होत नाही, हे खरे. पण वस्तुस्थिती दरवर्षी थोडी थोडी घट्ट होत जाते, हेही खरे. आसामने नागालँडविरुद्ध १९८८ मध्ये दाखल केलेला सीमेचा दावा पाहिला म्हणजे अशा खटल्यांचे आयुष्य किती लांबू शकते, याची कल्पना येते.

कृष्णा आणि गोदावरी

मग समेट हा अधिक शहाणपणाचा मार्ग म्हणावा काय? याचे उत्तर शोधण्यासाठी महाराष्ट्राच्याच दोन नद्यांकडे पाहावे. १९६९ च्या एप्रिलमध्ये कृष्णा आणि गोदावरी यांच्या पाणीवाटपासाठी न्या. आर. एस. बचावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमण्यात आले. अध्यक्ष तेच, काळ तोच आणि मुख्य पक्षकार राज्येही बहुतांशी तीच. तरीही दोन्ही प्रकरणांचा शेवट अगदी भिन्न झाला.

कृष्णेच्या बाबतीत राज्ये अखेरपर्यंत भांडली आणि लवादाने निवाडा दिला. १९७३ च्या अहवालात २,०६० अब्ज घनफूट पाण्यापैकी महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० अब्ज घनफूट देण्यात आले. १९७६ मध्ये निवाडा अंतिम झाला. ३१ मे २००० नंतर त्याचा फेरविचार करण्याची मुभा होती. ती मुदत सरल्यावर तंटा पुन्हा पेटला. २००४ मध्ये न्या. ब्रिजेशकुमार यांचा दुसरा लवाद आला, २०१० मध्ये त्याने निर्णय दिला, अलमट्टी धरणाची उंची वाढविण्यास परवानगी दिली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय राजपत्रात प्रसिद्ध करण्यास मनाई केली. पुढे आंध्राचे विभाजन झाल्याने वादात तेलंगण हा नवा पक्षकार आला. पहिल्या निवाड्याने पंचवीस वर्षे कारभार चालविला, हे त्याचे श्रेय निःसंशय आहे. पण वाद संपला असे कोणीही म्हणणार नाही.

गोदावरीच्या बाबतीत लवादापुढे काम चालू असतानाच राज्यांनी १९७५ पासून आपसांत करार केले आणि १९८० च्या अंतिम निवाड्यात मुख्यतः ते करारच ग्रथित करण्यात आले. पैठण धरणापर्यंतचे गोदावरीचे आणि सिद्धेश्वर धरणापर्यंतचे पूर्णेचे सर्व पाणी महाराष्ट्राने वापरावे. त्याखाली पोचमपाडपर्यंतच्या भागात नव्या प्रकल्पांसाठी ६० अब्ज घनफुटांची मर्यादा पाळावी, असा त्यातील महाराष्ट्रापुरता गाभा आहे. नांदेड जिल्ह्यातील बाभळी बंधाऱ्यावरून २००६ मध्ये आंध्र प्रदेश न्यायालयात गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला नव्याने पाणी वाटावे लागले नाही. जुन्या कराराचा अर्थ लावावा लागला. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल लागला. बंधारा राहिला, १ जुलै ते २८ ऑक्टोबर त्याची दारे उघडी ठेवावीत आणि १ मार्चला ०.६ अब्ज घनफूट पाणी खाली सोडावे, असे बंधन आले, आणि देखरेखीसाठी समिती नेमण्यात आली. पुढे ऑगस्ट २०१६ मध्ये महाराष्ट्र व तेलंगण यांनी गोदावरी खोऱ्यातील बंधाऱ्यांविषयी पुन्हा करार केला. एका समेटातून दुसरा समेट निघाला.

येथे एक रास्त आक्षेप घेता येईल. गोदावरीत पाणी मुबलक आहे, कृष्णेत तुटवडा आहे. म्हणून एकीकडे समेट झाला आणि दुसरीकडे झाला नाही. यात राज्यकर्त्यांच्या शहाणपणाचा प्रश्न येतोच कुठे? हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे आणि म्हणूनच तो उपयोगी आहे. जेथे एकाने घेतल्याने दुसऱ्याचे कमी होत नाही तेथे समेट साधतो; जेथे एकाचा लाभ ही दुसऱ्याची हानी असते तेथे तिऱ्हाइताचा निवाडा लागतो. शिवाय गोदावरीचे करार लवाद डोक्यावर असताना झाले, हेही विसरता येत नाही. निवाड्याची टांगती तलवार नसती तर राज्ये एका मेजाभोवती बसली असती की नाही, याची शंकाच आहे. तात्पर्य, दावा आणि समेट ही एकमेकांची शत्रुरूपे नाहीत. चालू दाव्याच्या दबावाखालीच चांगले समेट होतात; आणि हे दिवाणी न्यायालयात कारकुनी केलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

सीमाप्रश्नातील दोन प्रश्न

हीच कसोटी सीमाप्रश्नाला लावून पाहावी. आपण ज्याला एक प्रश्न म्हणतो त्यात वस्तुतः दोन प्रश्न गुंतलेले आहेत. पहिला भूमीचा : बेळगाव कोणाचे? ही कृष्णा आहे. शहराचे दोन भाग करून वाटणी करता येत नाही. एकाला मिळाले की दुसऱ्याचे गेले. या प्रश्नावर दोन्ही राज्यांतील कोणताही मुख्यमंत्री स्वेच्छेने माघार घेऊन पदावर राहू शकणार नाही. तेव्हा त्यासाठी न्यायालय हाच मार्ग आहे आणि दावा मागे घेण्याचा विचार महाराष्ट्राच्या मनाला शिवूही नये.

दुसरा प्रश्न माणसांचा आहे : निकाल लागेपर्यंत सीमाभागातील मराठी माणसाने कसे जगावे? सातबाराचा उतारा त्याला कोणत्या भाषेत मिळावा, मुलाच्या मराठी शाळेत शिक्षक असावा की नसावा, ग्रामपंचायतीची नोटीस त्याला वाचता यावी की नाही, मराठीतील फलक लावल्याबद्दल त्याला पोलीस ठाण्याची वाट दाखविली जावी काय? ही गोदावरी आहे. बेळगावच्या मराठी शेतकऱ्याला मराठीत उतारा मिळाल्याने कन्नड शेतकऱ्याच्या उताऱ्यातील एक अक्षरही कमी होत नाही. जत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर येथील कन्नड भाषकांच्या शाळांना कन्नड जाणणारे शिक्षक मिळाल्याने मराठीचे काही बिघडत नाही. येथे देवाणघेवाणीला पुरेपूर वाव आहे.

शिवाय हे हक्क नव्याने मागावयाचे नाहीत. ज्या सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ मध्ये भारताचा नकाशा बदलला, तिनेच अनुच्छेद ३५०अ आणि ३५०ब संविधानात घातले. पहिल्याने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. दुसऱ्याने त्यांच्या संरक्षणासाठी विशेष अधिकाऱ्याची तरतूद केली. सीमा आखणाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते, की कोणतीही रेषा ओढली तरी पलीकडे कोणीतरी राहणारच. आपण रेषेसाठी भांडलो आणि पलीकडे राहिलेल्यांसाठी केलेली तरतूद अडगळीत टाकली.

भूमीचा प्रश्न न्यायप्रविष्ट आहे, या सबबीखाली दुसरा प्रश्न गोठवून ठेवणे हे या साऱ्या प्रकरणातील खरे अपयश आहे. त्याचा दोष एकट्या बंगळूरला देऊन भागणार नाही. मुंबईनेही सीमाभागासाठी जे केले ते बहुधा एकतर्फी केले. ८६५ गावांतील लोकांना आरोग्य योजनेचा लाभ देण्याचा २०२३ मधील निर्णय हेतूने चांगला होता. पण तो कर्नाटकाशी बोलून झाला नसल्यामुळे त्यातून उपचारापेक्षा आरोपच अधिक निघाले.

तेरा दिवसांचा समेट

समेटाचा प्रयत्न झालाच नाही, असे नव्हे. २०२२ च्या अखेरीस जतमधील गावांवरून दोन्ही राज्यांत शब्दयुद्ध पेटले, महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली, तेव्हा १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बोलावले. निकाल लागेपर्यंत कोणीही एकमेकांच्या प्रदेशावर हक्क सांगू नये आणि दोन्ही बाजूंच्या तीन-तीन मंत्र्यांनी बसून लहानसहान प्रश्न सोडवावेत, असे ठरले. २२ डिसेंबरला कर्नाटक विधिमंडळाने एक इंचही भूमी न देण्याचा ठराव केला. २७ डिसेंबरला महाराष्ट्र विधिमंडळाने बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकी या शहरांसह ८६५ गावांतील इंच न् इंच जमिनीसाठी लढण्याचा ठराव एकमताने केला. तेरा दिवसांत समेटाचा कागद विरून गेला. त्यामागे कायदेशीर बंधन नव्हते, कालमर्यादा नव्हती आणि सीमाभागातील एकही माणूस त्या बैठकीत नव्हता. केवळ तणाव निवळावा एवढ्याच हेतूने केलेला समेट तणाव निवळल्यावर टिकत नाही.

याउलट २९ मार्च २०२२ रोजी आसाम आणि मेघालय यांनी केलेला करार पाहावा. वादाच्या बारा जागांपैकी आधी सोप्या सहा निवडल्या गेल्या आणि सुमारे ३६.७९ चौरस किलोमीटर प्रदेश जवळजवळ निम्मा-निम्मा वाटला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुक्रोह येथे गोळीबार होऊन सहा जणांचे बळी गेले, ही गोष्ट लपविण्यासारखी नाही. उरलेल्या सहा जागा किती अवघड आहेत याची ती खूण आहे. तथापि सोपे आधी आणि कठीण नंतर, हा क्रम शिकण्याजोगा आहे.

महाराष्ट्राने काय करावे

पहिली गोष्ट, दावा चालू ठेवावा आणि तो नेटाने चालवावा. तारखेच्या आदल्या दिवशी वकिलांची बैठक घ्यावयाची आणि तहकुबीनंतर सहा महिने विसरून जायचे, याला दावा लढविणे म्हणत नाहीत. दुसरी गोष्ट, भाषिक हक्कांपुरता स्वतंत्र करार करण्याचा प्रस्ताव महाराष्ट्राने स्वतःहून मांडावा. ‘दाव्यातील हक्कांस बाध न येता’ या शब्दांनीच त्याची सुरुवात व्हावी, म्हणजे कोणत्याही पक्षाला माघार घेतल्याचा आरोप सोसावा लागणार नाही. त्यात परस्परता असावी : जे बेळगावात मागावयाचे ते जत-अक्कलकोटमध्ये आधी देऊन दाखवावे. तिसरी गोष्ट, अशा कराराला सर्वोच्च न्यायालयाची नोंद मिळवावी. चालू दाव्यात अंशतः समेट नोंदविण्याची कल्पना आपल्या दिवाणी कायद्याला परकी नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश २३, नियम ३ त्यासाठीच आहे. न्यायालयापुढे नोंदलेला शब्द विधिमंडळाच्या ठरावाने पुसला जात नाही. आणि चौथी गोष्ट, वाटाघाटीच्या मेजावर सीमाभागातील प्रतिनिधींना जागा असावी. ज्यांच्या नावाने सात दशके लढा चालला, त्यांना विचारल्याशिवाय केलेला समेट हा समेट नव्हे.

यासाठी नवे व्यासपीठ शोधावे लागणार नाही. राज्यपुनर्रचना कायद्यातील विभागीय परिषदांच्या कामांत सीमावाद आणि भाषिक अल्पसंख्याक हे दोन्ही विषय नावानिशी घातलेले आहेत. महाराष्ट्र पश्चिम विभागात आणि कर्नाटक दक्षिण विभागात असले, तरी दोन परिषदांच्या संयुक्त बैठकीची सोय त्याच कायद्यात आहे.

न्यायालय एके दिवशी बेळगाव कोणाचे हे सांगेल. तो दिवस लवकर येवो. परंतु निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी सीमेच्या दोन्ही बाजूंना परभाषक राहणारच आहेत आणि त्यांना त्याच बाजारात, त्याच एस.टी. स्थानकात आणि त्याच शाळेच्या आवारात वावरावे लागणार आहे. हुकूमनाम्याने भूमी मिळते, शेजार मिळत नाही. तो करारानेच मिळवावा लागेल, आणि त्याचा आरंभ निकालाच्या आधी झाला तरच निकालाचा दिवस शांततेत पार पडेल.